रीफ टँकसाठी आरओ-डीआय पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्यांकडून पाण्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशेब साधारण २०० लिटरच्या टँकचे आहेत. तुमच्या मापाप्रमाणे बदलून घ्या. खाली 'टँक' म्हटलं की मत्स्यालय समजा, आणि 'टाकी' म्हटलं की गच्चीवरची.

१. नळाचं पाणी आम्ही उकळून पितो, आम्हाला काही होत नाही. मग कोरलला काय होतं?

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, तांबं यातलं काहीच उकळून जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. रीफमध्ये मात्र आपण ते पाच-दहाच्या आत ठेवायला धडपडतो. तांब्याचं तर विचारूच नका. जे प्रमाण माशाला जाणवतही नाही, त्यात कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मरतात.

खरी गोम बाष्पीभवनात आहे. टँकमधून रोज तीन लिटर पाणी उडतं, पण फक्त पाणी उडतं. क्षार मागेच राहतात. नळाच्या पाण्यात २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि रोजचे तीन लिटर तुम्ही नळानेच भरून काढत असाल, तर महिन्यात १८०० मिलिग्रॅम नायट्रेट टँकमध्ये जमा होतं. २०० लिटरला ते लिटरमागे ९ मिलिग्रॅम झालं, आणि यात माशांची विष्ठा नि खाणं धरलेलंच नाही.

२. घरी पिण्याचा आरओ आहेच. त्याचं पाणी चालेल का?

तोटीतून येणारं चालणार नाही. त्याच मशीनमधल्या मेंब्रेनचं (क्षार अडवणाऱ्या पडद्याचं) पाणी चालेल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आपल्याकडच्या घरगुती आरओमध्ये मेंब्रेनपर्यंत सगळं ठीक असतं. गडबड त्याच्या पुढे होते. बहुतेक मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो. हा छोटासा स्क्रूवाला व्हॉल्व्ह न गाळलेलं किंवा अर्धवट गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात मुद्दाम मिसळतो, चव यावी म्हणून. त्यापुढे मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असतं. आणि हल्ली कौतुकाने विकतात ते कॉपर कार्ट्रिज! ते पाणी कोळंबी-कोरल असलेल्या टँकमध्ये घालणं म्हणजे औषधाच्या नावाखाली विष घालणं. तुमच्या मशीनवर 'कॉपर' लिहिलेलं असेल, तर तोटीचं पाणी एक तांब्यासुद्धा टँकमध्ये घालू नका.

उपाय असा. मेंब्रेन हाऊसिंगच्या एका टोकाला दोन नळ्या बाहेर पडतात. जिला पुढे फ्लो रिस्ट्रिक्टर (एफआर, म्हणजे प्रवाह आवळणारा तुकडा) लावलेला आहे, ती वेस्टची. दुसरी शुद्ध पाण्याची. या दुसऱ्या नळीवर, पुढच्या कोणत्याही कार्ट्रिजच्या आधी, पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. टँकसाठी पाणी तिथून काढा आणि डीआयमध्ये (उरलेले क्षार पकडणारं रेझिन, प्रश्न ३) न्या. टीडीएस कंट्रोलरचं पाणी या टीच्या पुढे मिसळतंय ना, हे नळी धरून तपासा. एखाद्या मशीनमध्ये ते आधीच मिसळत असेल तर कंट्रोलर काढून तिथे साधा जोड लावावा. स्क्रू घट्ट केला तरी काही कंट्रोलर पाझरतातच.

एक सावधगिरी: पाणी टीवरून वळवलं की मशीनची आतली टाकी भरत नाही, फ्लोट उचलला जात नाही, आणि पंप बंद होत नाही. म्हणून ड्रममध्ये वेगळा फ्लोट व्हॉल्व्ह-स्विच लावा, नाहीतर समोर उभं राहून भरा. मशीन वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी विचार करा.

३. आरओ आणि डीआय यात फरक काय? दोन्ही लागतात का?

आरओ मेंब्रेन दाबाखाली पाणी पलीकडे जाऊ देतं आणि साधारण ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतं. उरलेले दोन-पाच टक्के डीआय म्हणजे आयन बदलणारं रेझिन पकडतं. नुसता डीआय लावला तरी शून्य टीडीएस मिळतो, पण रेझिन भराभर संपतं (प्रश्न १०). रीफसाठी दोन्ही लावा. फक्त मासे आणि खडक असलेल्या मरीन टँकला, इनपुट धरणाचं कमी क्षारांचं असेल तर, चांगल्या आरओवर निभावतं.

४. टप्प्यांचा क्रम कसा असावा?

५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, गरज असेल तर दुसरा कार्बन, बूस्टर पंप, मेंब्रेन, शेवटी डीआय. स्पन गाळ अडवतो, म्हणजे कार्बन बुजत नाही. कार्बन क्लोरीन खातो, म्हणजे मेंब्रेन जळत नाही. डीआय सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात लवकर भरणारा.

नवीन कार्बन बसवल्यावर पहिलं काळं पाणी मेंब्रेनमध्ये जाऊ देऊ नका; नळी काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत बादलीत सोडा. नवीन मेंब्रेनचं पहिल्या दोन-तीन तासांचं पाणीही फेकायचं, त्यात जतन करायचं रसायन असतं.

मेंब्रेन बसवताना दांड्यावरच्या दोन छोट्या काळ्या ओ-रिंग बघा. तोच दांडा आत आधी जातो. ओ-रिंग साध्या पाण्याने ओल्या करा आणि मेंब्रेन हलकं फिरवत ढकला. शेवटी ते खटकन आत बसल्याचं हाताला कळतं. ओ-रिंग दुमडली तर वेस्टचं पाणी शुद्धात शिरतं, आणि लोक नवं कोरं मेंब्रेन खराब म्हणून परत करतात.

५. किती जीपीडीचं मेंब्रेन घ्यावं?

७५ पुरे. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, तासाला ११-१२ लिटर. तेही दाब आणि तापमान कंपनीने धरलं तेवढं असेल तर. २०० लिटरच्या टँकला आठवड्याला २० लिटर पाणी बदलायला आणि २० लिटरच्या आसपास टॉप-अपला (उडालेलं पाणी भरून काढायला) लागतं. म्हणजे चार तासांचं काम. मोठं मेंब्रेन घेऊन तोच जुना ४५० चा (मिनिटाला ४५० मिलिलिटरचा) एफआर ठेवला तर वेस्ट कमी पडतं आणि मेंब्रेनवर क्षार साचतात. मेंब्रेन बदललं की एफआरही बदला.

६. शुद्ध पाणी थेंब-थेंब येतं, वेस्टचं मात्र धो-धो. मेंब्रेन गेलं का?

आधी दाब बघा. मेंब्रेनला ५०-६० पीएसआय (दाबाचं माप) हवेत. आपल्या सोसायट्यांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं, आणि दर १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय मिळतात. सात मजली इमारतीत तळमजल्याला ३० च्या आसपास मिळतील. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर चार-पाच मीटर असेल तर सहा-सात. तिथे बूस्टर पंपाशिवाय आरओ चालतच नाही.

दाब कमी असला की पाणी कमी येतं, शिवाय ते कमी शुद्ध येतं. कारण मेंब्रेनमधून क्षार जवळपास त्याच वेगाने झिरपत राहतात, पाणी मात्र कमी जातं. त्यामुळे टीडीएस वाढलेला बघून मेंब्रेन बदलण्याआधी कार्बन आणि पंपानंतर, मेंब्रेनच्या तोंडाशी एक प्रेशर गेज लावा. पंप आहे आणि तरीही गेज कमी दाखवतो? स्पन बुजलेला आहे का बघा, मग पंपाचा अडॅप्टर तपासा. पंपाआधी लो प्रेशर स्विच हवाच, नाहीतर टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा फिरून जळेल.

एफआर नसेल किंवा चुकून निघाला असेल तर लक्षण हेच दिसतं: सगळं पाणी वेस्टमधून पळून जातं.

७. टीडीएस मीटर कुठे लावायचा आणि आकडा किती यायला हवा?

तीन ठिकाणी मोजा: नळाला, मेंब्रेननंतर आणि डीआयनंतर. इनपुटमधून आउटपुट वजा करा, इनपुटने भागा, शंभरने गुणा. नळाला ३०० आणि मेंब्रेननंतर ९ आले तर ९७ टक्के क्षार अडले, उत्तम. ९० च्या खाली आलं आणि दाब, एफआर, ओ-रिंग ठीक असतील, तर मेंब्रेन बदला. डीआयनंतर शून्यच हवा. एक दिसला तर नवं रेझिन मागवा, दोन-तीन दिसले तर बदला. "अजून पाचच तर आहे" म्हणत थांबू नका. का ते प्रश्न १७ मध्ये आहे.

खिशातला मीटर ३४२ पीपीएमच्या सोडियम क्लोराइडच्या द्रावणाने अधूनमधून तपासा. भांडं आधी त्याच पाण्याने दोनदा विसळा. बोट बुडालं तरी आकडा बदलतो.

८. मशीन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला टीडीएस ६० दिसतो, मग ८ वर येतो. बिघाड आहे का?

नाही. मशीन बंद असताना दाब नसतो, तेव्हा मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात. सुरू केल्यावर आधी तेच पाणी बाहेर येतं. ते थेट डीआयमध्ये गेलं तर रेझिन फुकट संपतं. म्हणून मेंब्रेन आणि डीआयच्या मध्ये एक टी ठेवा आणि आकडा खाली येईपर्यंत, साधारण पहिले एक-दोन लिटर, बादलीत सोडा. थोडं-थोडं रोज भरण्यापेक्षा आठवड्याचं पाणी एकदम भरा.

९. टँकरचं पाणी येतं, शिवाय सोसायटीवाले टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात. धोका किती?

मेंब्रेनला क्लोरीनचं वावडं आहे. क्लोरीनने जळालेलं मेंब्रेन पाणी भरपूर देतं, पण टीडीएसही वाढलेला असतो. एकदा जळालं की दुरुस्त होत नाही.

टीसीएल पावडर मापात टाकली तर कार्बन ब्लॉक सहज पेलतो. अडचण टाकी धुतल्याच्या दिवशी येते, तेव्हा हात सैल सुटतो. नोटीस लागली की एक-दोन दिवस आरओ बंद ठेवा. एरवी ग्रामपंचायती करतात तीच ओटी टेस्ट करा: कार्बननंतरचं पाणी नळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. पिवळं झालं तर कार्बन संपला. हे द्रावण आणि चाचणीचं पाणी टँकच्या आसपासही नेऊ नका. पाणी पिवळं नाही झालं तरी सहा महिन्यांनी कार्बन बदलाच.

कुठे क्लोरामाइन वापरत असतील तर एक कार्बन पुरत नाही. क्लोरामाइन फुटलं की अमोनिया सुटतो आणि तो काही प्रमाणात मेंब्रेनमधून पुढे जातो. तिथे दोन कार्बन ब्लॉक आणि ताजं डीआय हवं.

१०. बोअरचं पाणी आहे. डीआय रेझिन पंधरा दिवसांत संपतं. असं का?

आधी साधा हिशेब करा. एक लिटर ताजं मिक्स्ड रेझिन ढोबळमानाने २० ते २५ ग्रॅम क्षार पकडतं. १० इंची कार्ट्रिजमध्ये पाऊण लिटरच्या आसपास बसतं. मेंब्रेननंतर टीडीएस १० असेल तर लिटरभर रेझिनमागे दोन हजार लिटरच्या वर पाणी मिळायला हवं. ५० असेल तर चारशे-पाचशे. बोअर १००० टीडीएसचा असेल तर ९५ टक्के अडवूनही ५० उरतातच, त्यामुळे मेंब्रेन धडधाकट असूनही खर्च वाढतो.

पण मेंब्रेननंतर आकडा १५ च असून रेझिन उडत असेल, तर कारण कार्बन डायऑक्साइड. बोअरच्या पाण्यात तो विरघळलेला असतो. वायू असल्यामुळे मेंब्रेन त्याला अडवत नाही आणि टीडीएस मीटरला तो जवळजवळ दिसतच नाही. रेझिनमधला अॅनायन (ऋण आयन पकडणारा) भाग मात्र तो खाऊन टाकतो. उपाय स्वस्त आहे: आरओचं पाणी आधी एका ड्रममध्ये भरा, एअर स्टोन टाकून २४ तास हवा द्या आणि मग छोट्या पंपाने डीआयमधून सोडा. हवा खिडकीजवळची घ्या, बंद खोलीतली नको.

बोअरचं पाणी जड असेल तर मेंब्रेनवर चुना बसतो. सोसायटीला सॉफ्टनर असेल तर आरओ त्याच्या पुढेच जोडा. सॉफ्टनरमुळे टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं. पण सोडियम मेंब्रेनवर दगडासारखं बसत नाही. सॉफ्टनर नसेल तर अँटीस्केलंट कार्ट्रिज चालेल, मात्र ते फॉस्फेटचं असू शकतं. मेंब्रेनच्या आधी ठेवा, पुढे कधीही नाही.

११. ऋतू बदलला की मशीनही बदलल्यासारखं वागतं. हे खरं आहे का?

खरं आहे. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की स्पन आठवड्या-दोन आठवड्यांत तपकिरी होतो. जुलैसाठी दोन जास्तीचे घरात ठेवा. थंडीत २५ अंशांच्या खाली दर अंशाला उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी घटतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: पाणी भरपूर येतं, पण टीडीएस चढतो, कारण गरम पाण्यात क्षारही जास्त झिरपतात. बहुतेक मेंब्रेनची मर्यादा ४५ अंश असते. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी तिथवर जाऊ शकतं, म्हणून तेव्हा पहाटे भरा.

१२. वेस्टचं पाणी बघून जीव तुटतो. कमी करता येईल का?

वेस्ट घाण नसतं. इनपुट ८० टीडीएस आणि शुद्ध-वेस्टचं एकास तीन प्रमाण असेल, तर वेस्ट १०५ च्या आसपास येतं. धुणी, भांडी, फरशी, झाडं, सगळ्याला चालतं. नळी थेट वॉशिंग मशीनच्या बादलीत सोडा. १२०० टीडीएसच्या बोअरचं वेस्ट मात्र १६०० पर्यंत जातं. ते फ्लशला ठेवा, कुंड्यांना नको.

धरणाचं मऊ पाणी असेल तर एकास दोनपर्यंत उतरता येतं. बोअरवर वेस्टची तोटी आवळू नका; वाचवलेल्या पाण्याच्या बदल्यात मेंब्रेन जाईल.

१३. बॅटरीचं पाणी, २० लिटरचा जार, एसीचं पाणी, पावसाचं पाणी यातलं काही चालेल?

बॅटरीचं पाणी टीडीएस शून्य दाखवलं तर अडीअडचणीला चालेल, पण कॅन आणि भरणारा विश्वासाचा हवा. जारचं पाणी आरओचंच असतं, पण चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. ते आरओ पाणी समजून डीआयमधून काढलं तरच वापरा. एसीचं पाणी अजिबात नको, ते कॉइलवरची धूळ आणि धातू धुऊन आणतं. पावसाचं पाणी कोकणात फुकट नि मुबलक, पण पत्र्यावरून जस्त आणि स्लॅबवरून चुना घेऊन येतं. उघड्यावर स्वच्छ प्लास्टिक ताणून, पहिल्या काही सरी जाऊ देऊन गोळा केलं तरी डीआयमधून काढा.

१४. समुद्र इथेच आहे. मग थेट तिथलंच पाणी का आणू नये?

शहराजवळच्या किनाऱ्यावर सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणा कोसळतो. आणि समुद्राचं पाणी आणलं तरी टॉप-अपला गोडं शुद्ध पाणी लागतंच. आरओ सुटत नाही. पाण्याबरोबर कोरलचा तुकडाही उचलून आणू नका. आपल्या समुद्रातल्या कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चं संरक्षण आहे.

१५. पाणी कशात आणि किती दिवस साठवायचं?

खाद्यपदार्थांसाठीच्या एचडीपीई ड्रममध्ये, झाकण लावून, उजेडापासून दूर. भंगारवाल्याकडचं निळं पीप स्वस्त मिळतं, पण आत आधी कोणतं रसायन होतं ते धुऊन कळत नाही. तांब्या-पितळेचा नळ, जस्ताचा पाइप, पितळी बॉल व्हॉल्व्ह मेंब्रेनच्या आधी चालतात. नंतर सगळं प्लास्टिक. क्लोरीन नसल्यामुळे ड्रमला आतून बुळबुळीत थर येतो. दोन आठवड्यांत पाणी संपवा आणि थर दिसला की घासून काढा.

१६. टॉप-अप आणि पाणी बदलणं, दोन्हीला मीठ घालायचं का?

टॉप-अपला कधीच नाही, कारण मीठ उडालेलं नसतं. पाणी बदलायला मात्र मीठ (मरीन सॉल्ट) मिसळूनच. २० लिटरला ३५ पीपीटीसाठी (हजारी ३५ भाग खारटपणा) साधारण ७०० ते ७६० ग्रॅम सॉल्ट लागतं. पाकिटावरचा आकडा बघा. ड्रममध्ये आधी पाणी, पंप सुरू, मग हळूहळू मीठ. उलटं केलं तर कॅल्शियम गोठून पांढरा चिखल होतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. डीआय पाण्याने शून्य जुळवलं तरी वरच्या टोकाला चूक राहते.

ऑटो टॉप-अपचा डबा छोटा ठेवा. सेन्सर अडकून २० लिटर गोडं पाणी एकदम गेलं तर २०० लिटरचा टँक ३५ वरून ३२ च्या खाली येतो. आठ लिटरच्या डब्यात तेवढी वाट लागत नाही.

१७. टीडीएस शून्य आहे, तरी काचेवर तपकिरी थर येतो. मीटर खोटा आहे का?

तो थर डायटमचा, आणि डायटम सिलिकावर वाढतात. मीटर खरा असतो, पण तो विजेचं वहन मोजतो. सिलिका पाण्यात फारशी विद्युतभारित नसते, त्यामुळे ती मीटरला जवळजवळ दिसत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात सैल धरलेली सिलिका आधी सुटते, आकडा हलण्याच्याही आधी. त्यापुढे वाट बघितली तर आधी पकडलेले नायट्रेटसारखे आयनही ढकलले जातात आणि बाहेरचं पाणी आत आलेल्यापेक्षा वाईट असू शकतं. म्हणून दोन डीआय एकामागे एक लावा: पहिला संपला की दुसरा पहिल्याच्या जागी घ्या आणि नवा शेवटी ठेवा. रंग बदलणाऱ्या रेझिनवर नजर ठेवा. आधी कोणता रंग असतो आणि मग कोणता होतो, ते कंपनीगणिक वेगळं असतं.

टँक तीन महिन्यांच्या आतला असेल तर हा थर नव्या वाळू-खडकातूनही येतो आणि आपोआप जातो. तेव्हा मशीनच्या मागे लागू नका.

१८. डीआय पाण्याचा पीएच ५.८ आला. टँकचा पीएच पडेल का?

नाही. या पाण्यात बफर (पीएच टिकवून धरणारे क्षार) नसतो, हवेतला किंचित कार्बन डायऑक्साइडही आकडा खाली खेचतो, आणि इतक्या कमी आयनांत साधा पीएच मीटर स्थिरही होत नाही. टँकमध्ये आठ-नऊ डीकेएच अल्कलिनिटी (बफरचं माप) असेल तर दोन-तीन लिटर टॉप-अपने काही हलत नाही. डीआय पाण्याचा पीएच मोजूच नका आणि त्यात सोडा घालून तो 'सुधारू' नका.

१९. गणपतीला दहा-बारा दिवस गावी जातो. मशीनचं काय करायचं?

निघण्याआधी मेंब्रेनमधून दहा मिनिटं पाणी सोडा, मग इनलेट बंद करा आणि पंपाचा प्लग काढा. हाऊसिंगमधलं पाणी काढून टाकू नका. ओलं झालेलं मेंब्रेन सुकलं की बाद होतं, रेझिनही सुकू द्यायचं नसतं. परतल्यावर डीआय बायपास करून पहिले दहा लिटर फेका, वास घ्या, टीडीएस बघा. महिनाभराहून जास्त बंद राहिलं असेल तर स्पन आणि कार्बन न बघताच बदला. टँकच्या टॉप-अपचं पाणी निघण्याआधीच भरून झाकून ठेवा, आणि शेजाऱ्यांना नळ कुठला नि ड्रम कुठला ते चिठ्ठी चिकटवून दाखवा.